भाताचे खोड आणि श्रावणातले ढग

(शरद व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सध्या कोकणातल्या कुठल्याही रस्त्याने गेलात, तरी दोन्ही बाजूंना पिवळे झालेले भात दिसते. काही खाचरांत ते ताठ उभे असते, तर काही खाचरांत साफ लोळलेले. दोन्ही खाचरांवरून एकाच रात्रीचा वारा गेलेला असतो, पाऊसही एकाच ढगाचा पडलेला असतो आणि मध्ये असतो तो जेमतेम हातभर रुंदीचा बांध. तरीही अलीकडचे पीक उभे राहते आणि पलीकडचे चिखलात झोपते. हा फरक कशाने पडतो, एवढाच माझा आजचा विषय आहे. विषय लहान वाटेल, पण चार महिने राबून हाताशी आलेले पीक घरात येणार की शेतातच कुजणार, हे त्यावर ठरते.

भात का लोळले, असे कुणालाही विचारा. "वाऱ्याने पाडले" हेच उत्तर मिळते. पंचनाम्यातही तेच लिहिले जाते: वादळी वारा आणि अवकाळी पाऊस. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. वारा शेवटचा धक्का देतो. तो धक्का खोडाला सोसेल की नाही, हे मात्र त्याआधी महिना-दीड महिना ठरून गेलेले असते आणि तेही हवामानानेच ठरवलेले असते. म्हणजे भाताच्या खोडाशी हवामानाची गाठ दोनदा पडते, आधी खोड घडत असताना आणि मग पीक पिकून जड झाल्यावर. आपण या दुसऱ्या भेटीबद्दल पुष्कळ बोलतो. पहिलीकडे कुणाचे लक्ष जात नाही, म्हणून आज मी मुख्यतः पहिलीबद्दल बोलणार आहे.

लावणी झाल्यावर महिनाभर भाताचे जे खोड म्हणून आपल्याला दिसते, ते मुळात खोड नसते. एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या बुडख्यांची, म्हणजे पर्णकोषांची ती सुरळी असते. खरे खोड त्या वेळी जमिनीलगत दाबून बसलेले असते. त्याची पेरे एकमेकांवर इतकी घट्ट असतात की नुसत्या डोळ्यांना वेगळी दिसत नाहीत. फुटवे येणे संपत आले आणि आत लोंबीचा सूक्ष्म कोंब धरला, की पेरे लांबायला लागतात. तीही सगळी एकदम नाही, खालून वर, क्रमाने. शेवटची चार-पाच पेरेच काय ती लांबतात. सर्वांत खालची दोन लांबत असतात तेव्हा लोंबी अजून पोटरीतही आलेली नसते. भात निसवण्याच्या साधारण महिनाभर आधी हे काम सुरू होते. निसवेपर्यंत खालच्या पेरांची लांबी, जाडी आणि भिंत कायमची ठरलेली असते. त्यानंतर त्यांत बदल होत नाही.

आता हे आपल्या पंचांगावर बसवून पाहा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेले हळवे भात ऑगस्टच्या अखेरीस निसवते. म्हणजे त्याची खालची पेरे जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत लांबतात. आषाढ सरून श्रावण लागण्याचे हे दिवस. कोकणात आकाश सर्वांत भरलेले असते ते याच दिवसांत, आणि आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. गरवे भात सप्टेंबरच्या अखेरीला निसवते, त्यामुळे त्याची खालची पेरे भाद्रपदात घडतात. तेव्हा निदान मधूनमधून उघडीप मिळते. हळवे आणि गरवे यांत काळाचा फरक आहे हे प्रत्येक शेतकरी जाणतो. पण तो फरक खोडाच्या वाट्याला आलेल्या उन्हाचाही असतो, हे फारसे बोलले जात नाही.

ऊन कमी पडले की खोडाचे काय होते? पहिली गोष्ट अशी की झाड लांबते. सावलीत सापडलेले रोप उजेडाच्या शोधात वर धावते, आणि भात याला अपवाद नाही. दाट पिकात तर ढग नसतानाही हे घडते. वरची पाने सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेतात आणि त्यापलीकडचा अतिलाल प्रकाश खाली पोचू देतात. झाडाच्या पेशींतले फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य या दोहोंचे प्रमाण ओळखते. लाल कमी पडला, की शेजाऱ्यांची सावली आपल्यावर आली आहे असे झाडाच्या लेखी ठरते आणि पेरे ताणली जातात. वर ढग आणि खाली दाट लावणी, असे दोन्ही एकत्र आले की हा ताण आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. लांबी वाढवायला झाडाला फारसे भांडवल लागत नाही, पेशींत पाणी भरले की त्या ताणल्या जातात. जाडी आणि कणखरपणा यांसाठी मात्र माल लागतो. पेशींच्या भिंतीत सेल्युलोज घालायचे असते, लिग्निन भरायचे असते, पोकळीभोवतीचे कडे जाड करायचे असते, आणि वर खोडात पिष्ट साठवून ठेवायचे असते. हा सगळा माल पाने उन्हात तयार करतात. ऊन नसेल तर माल तयार होत नाही, लांबणे मात्र थांबत नाही. यातून उंच, बारीक आणि आतून रिकामे खोड तयार होते.

हे कुणालाही तपासून पाहता येते. लोळलेल्या भाताचा एक फुटवा मुळासकट उपटा आणि पर्णकोष सोलून काढा. लोंबीखालचे पेर पहिले धरून वरून खाली मोजत चौथ्या पेरावर या. खोड मोडलेले असेल तर बहुधा इथेच किंवा याच्या वरच्या पेरात मोडलेले असते. आता बांधाच्या कडेचा, उभा राहिलेला एक फुटवा घ्या आणि त्याचेही चौथे पेर काढा. दोन्ही शेजारी ठेवा. उभ्या भाताचे पेर चार बोटांचे असेल, तर लोळलेल्याचे सात-आठ बोटांपर्यंत गेलेले आढळते. दोन्ही आडवी कापून आत पाहा. पहिल्याची भिंत जाड आणि घट्ट दिसते, पोकळी लहान असते. दुसऱ्याची भिंत कागदासारखी पातळ असते आणि अंगठा व तर्जनीत धरून दाबली तर लगेच चपटी होते. नखाने उभी चीर पाडायला पहिल्याला जोर लावावा लागतो, दुसरे सहज फाटते. प्रयोगशाळेत हेच काम यंत्राने होते. पेर दोन आधारांवर ठेवून मध्ये वजन वाढवत नेतात आणि ते किती वजनाला मोडले हे टिपतात.

इथे थोडे गणित सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण सगळे मर्म त्यात आहे. पोकळ नळीची वाकून मोडण्याविरुद्धची ताकद तिच्या व्यासाच्या घनाबरोबर वाढते. खोडाचा व्यास १० टक्के वाढला आणि भिंत त्याच प्रमाणात जाड झाली, तर ताकद १० टक्के वाढत नाही. १.१ चा घन १.३३, म्हणजे ताकद ३३ टक्के वाढते. उलट दिशेनेही तसेच. व्यास १० टक्के घटला तर ०.९ चा घन ०.७३, म्हणजे १० टक्के नव्हे, थेट २७ टक्के ताकद गेली. डोळ्यांना जेमतेम जाणवेल एवढ्या बारीकपणाची ही किंमत आहे. त्यातच उंची वाढली, की वरच्या लोंबीचे वजन बुंध्याला जास्त लांबून ओढते. श्रावणातले आठ-दहा अंधारे दिवस असे दोन्ही बाजूंनी वार करतात.

पर्णकोषांना मात्र विसरू नका. हिरवे, जिवंत आणि घट्ट लपेटलेले पर्णकोष मोडक्या हाताला बांधलेल्या कामट्यांसारखे काम करतात. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, म्हणजे इरीमध्ये, शोइची योशिदा हे भाताच्या शरीरक्रियेचे मोठे अभ्यासक होऊन गेले. त्यांच्या ग्रंथात नोंद आहे की फुटव्याच्या एकूण मोडण्याच्या ताकदीत पर्णकोषांचा वाटा ३० ते ६० टक्के असतो. आता हवामान या वाट्याचे काय करते ते पाहा. दाट, ढगाळ, दमट पिकात खालच्या पानांपर्यंत उजेड पोचत नाही. ती लवकर पिवळी पडतात आणि त्यांचे कोष सुटून खाली येतात. त्याच दमट हवेत पर्णकोष करपा वाढतो आणि उरलेले कोषही कुजतात. पाण्यालगत तपकिरी तुडतुडे बसले तर बोलायलाच नको. खोड घडताना जी कमतरता राहिली ती झाकायला कामट्याच उरत नाहीत.

तापमानाबद्दल थोडक्यात सांगतो. उबदार हवेत पेरे भराभर लांबतात. आपल्याकडे पावसाळ्यात दिवस फार तापत नाहीत, पण रात्रीही थंड होत नाहीत, कारण ढगांची दुलई जमिनीची ऊब बाहेर जाऊ देत नाही. उबदार रात्री झाडाचा श्वासोच्छ्वास जोरात चालतो आणि दिवसभराच्या तुटपुंज्या उजेडात जे कमावले त्यातला बराच भाग रात्रीतच खर्च होतो. इरीच्या शेतावरच्या १९७९ ते २००३ या काळातल्या नोंदींवरून २००४ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान १ अंशाने वाढले की उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटते, असा तो होता. ते आकडे दाण्याचे आहेत, खोडाचे नव्हेत. पण दाणा आणि खोड एकाच कोठारातून घेतात.

या मुद्द्यावर जरा थांबतो. निसवण्यापूर्वी खोडात आणि पर्णकोषात पिष्ट साठलेले असते. निसवल्यावर दाणे भरू लागतात तेव्हा हा साठा हळूहळू वर लोंबीकडे जातो. म्हणजे लोंबी जसजशी जड होते तसतसे खोड हलके आणि दुबळे होत जाते. दाणे भरण्याच्या काळात लख्ख ऊन असेल तर पाने ताजे अन्न पुरवतात आणि खोडातला साठा बराच वाचतो. त्याच काळात आभाळ भरले, तर दाण्यांची सगळी भूक खोडावर पडते. ऑगस्टमध्ये ऊन मिळाले नाही म्हणून खोड बारीक झाले आणि सप्टेंबरात ऊन मिळाले नाही म्हणून ते रिकामे झाले, अशा दुहेरी मारात सापडलेले भात पडायला वादळ लागत नाही. हस्ताची एक जोराची सर पुरते.

आता खोडाची हवामानाशी होणारी दुसरी भेट, म्हणजे पीक जड झाल्यानंतरची. पावसात लोंबीवर, पानांवर आणि कोषांत पाणी साचते, डोक्यावरचे ओझे वाढते आणि खालची माती सैल होते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट बसतो. त्यातही एका दिशेने सतत वाहणाऱ्या वाऱ्यापेक्षा झोत घेऊन येणारा वारा वाईट, कारण पहिल्या झोताने झुकलेले खोड सावरायच्या आत दुसरा झोत येऊन बसतो. परतीच्या पावसाचे वारे नेमके असे असतात. संध्याकाळी पूर्वेकडून गडगडाट करत येतात आणि अर्ध्या तासात काम उरकून जातात.

पण वारा सगळाच वैरी नाही. वाढीच्या वयात झुळुकांनी हललेली झाडे आखूड आणि जाड बुंध्याची होतात, हे वनस्पतिशास्त्रात १९७० च्या दशकापासून नीट अभ्यासले गेले आहे. बांधालगतच्या ओळी भक्कम असण्याचे एक कारण त्यांना जास्त ऊन मिळते हे, आणि दुसरे हेही असावे की त्यांना वारा लागतो. बांधावर ऐन किंवा किंजळ असेल तर मात्र उलटे होते. झाडाच्या सावलीत आलेले भात उंच, हिरवेगार आणि लुसलुशीत दिसते. बघणाऱ्याला वाटते, इथे पीक जोमात आहे. सर्वांत आधी लोळते ते तेच.

माणसाने या दुखण्यावर काढलेला सर्वांत मोठा उपाय म्हणजे बुटक्या जाती, आणि त्याचा धागा भाताच्याच एका रोगातून निघाला आहे. १९२६ मध्ये तैवानात एइची कुरोसावा हे जपानी संशोधक भाताच्या एका विचित्र रोगाचा अभ्यास करत होते. रोगट रोपे अकारण उंच, फिकट आणि बारीक होत आणि मग आडवी पडत. कुरोसावांनी दाखवले की हे एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे होते. तेच पुढे जिबरेलिन म्हणून ओळखले गेले. ते झाड स्वतःही तयार करते आणि पेरे लांबवण्याचे काम त्याचेच असते.

पुढे १९६० च्या दशकात इरीमध्ये पीटर जेनिंग्ज यांनी पेटा ही इंडोनेशियातली उंच जात आणि डी-जिओ-वू-जेन ही तैवानातली बुटकी जात यांचा संकर केला. त्यातून निवडलेली आयआर-८ ही जात १९६६ मध्ये बाहेर आली. त्यापूर्वीच्या उंच जातींना नत्र दिले की त्या आणखी उंच होऊन लोळत, म्हणून जास्त खत देण्यात अर्थच नव्हता. आयआर-८ ने ते कोडे सोडवले. १९६८ मध्ये आपल्या देशात जया आली, तीही बुटकीच. हा बुटकेपणा ज्या जनुकातून येतो ते नेमके कोणते, हे २००२ मध्ये उलगडले. त्यात जिबरेलिन तयार करणाऱ्या एका विकरात बिघाड असतो. रोपांना लांबवून पाडणाऱ्या द्रव्याचाच पुरवठा कमी झाल्याने पीक उभे राहते, हे कळायला ७६ वर्षे लागली.

आपल्याकडच्या इंद्रायणीच्या मागेही हाच वारसा आहे. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ती वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाली. आंबेमोहोर सुगंधी खरे, पण उंच आणि लोळणारे. मावळातल्या पावसात ते सांभाळणे किती जिकिरीचे असते ते तिथल्या शेतकऱ्यांना विचारा. जपानमध्ये याचे अगदी जुळे उदाहरण आहे. १९५६ मध्ये प्रसारित झालेली कोशिहिकारी ही जात चवीला उत्तम आणि लोळण्यात कुप्रसिद्ध. तरी १९७९ पासून जपानमध्ये सर्वाधिक लागवड तिचीच आहे. चवीसाठी तिथल्या शेतकऱ्यांनी जात सोडली नाही, लागवडीची रीत बदलली. पेरे लांबण्याच्या काळात नत्र आवरते घ्यायचे आणि मध्येच काही दिवस खाचरातले पाणी काढून जमीन भेगाळेपर्यंत सुकवायची. सेइझो मात्सुशिमा यांनी तर सगळी लागवड यावर बेतली होती. सुरुवातीला आणि शेवटी खत भरपूर, मधल्या नाजूक काळात मुद्दाम कमी. मला हा दृष्टिकोन मोलाचा वाटतो. हवामान हाती नसले, तरी ज्या पंधरा-वीस दिवसांत ते खोडावर काम करते ते दिवस आपल्याला माहीत आहेत.

बुटकेपणा हा पूर्ण उपाय नाही, हेही आता दिसते आहे. जात बुटकी झाली की ओढ कमी होते, पण खोड आपोआप जाड होत नाही, उलट थोडे बारीकच होते असे आढळले आहे. २०१० मध्ये टोकियोच्या कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातले ताइइचिरो ओकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोड जाड करणारे एक जनुक शोधून काढले आणि त्याला बळकट खोडाचेच नाव दिले. आपल्या प्रजननकारांनी लक्ष घालावे असे मला वाटते ते या दिशेने. कोकणातल्या शेतकऱ्याला पेंढाही हवा असतो, गुरांना वर्षभर तोच घालायचा असतो. त्याला उंचीतून फार काही सोडून द्यायला लावणे बरे नव्हे. जाडी मिळाली तर पेंढाही राहील आणि पीकही उभे राहील.

आता आपल्या मातीकडे येतो, कारण भाताच्या खोडातली एक महत्त्वाची गोष्ट मातीतून येते आणि तिच्याशीही हवामानाचा संबंध आहे. ती गोष्ट म्हणजे सिलिका. भात हे सिलिकाचे फार मोठे ग्राहक आहे. झाडाच्या वाळलेल्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत सिलिका त्यात असू शकते. नत्रापेक्षाही हे प्रमाण कितीतरी जास्त. मुळे ती शोषतात आणि पाण्याबरोबर वर नेतात. पाने, पर्णकोष आणि तूस यांच्या पृष्ठभागातून पाणी उडून जाते आणि सिलिका तिथे जमून कडक थर बनवते. हा थर पान ताठ धरतो, कोष कणखर करतो, बुरशीला आणि खोडकिड्याला अडवतो. ताठ पानांमधून उजेड खालपर्यंत उतरतो, हाही फायदाच. पण पाणी उडायला ऊन आणि कोरडी हवा लागते. सतत दमट, ढगाळ हवेत हा थर चांगला जमत नाही. म्हणजे खोडाचे हे चिलखतही श्रावणातले ढगच पातळ करतात.

त्यात आपल्या कोकणाची गोष्ट वेगळीच. आपला जांभा कसा झाला? लाखो वर्षांच्या मुसळधार पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे ठेवली. त्यांचा तांबडा रंग तेवढा उरला. भाताला जे सर्वांत जास्त लागते, तेच या जमिनीतून पावसाने युगानुयुगे काढून नेले आहे. उरलेले आपण काढतो. पेंढा गोठ्यात जातो, तूस गिरणीत राहते किंवा भट्टीत जळते, आणि त्यांच्याबरोबर दरवर्षी शेतातली सिलिका निघून जाते.

कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी हे ओळखले. त्यांच्या चारसूत्री भात लागवडीतले पहिले सूत्र पेंढा आणि तुसाची राख शेताला परत देण्याचे आहे. तुसाची काळी राख रोपवाटिकेत, गादीवाफ्याच्या प्रत्येक चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, मातीत मिसळायची. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचा पाला चिखलात दाबण्याचे. तिसरे नियंत्रित लावणीचे: १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतराने चार-चार चुडांचे चौकोन लावायचे. चौथे, युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचण्याचे. ही सूत्रे उत्पन्नवाढीसाठी म्हणून सांगितली जातात. पण आज आपण बोललो त्या नजरेने त्यांच्याकडे पाहा. राखेतून सिलिका मिळते, अंतर सोडल्याने चुडांच्या बुडाशी उजेड पोचतो आणि खोल खोचलेली ब्रिकेट हळूहळू विरघळत असल्याने नत्राचा एकदम लोंढा येत नाही. चारांतली तीन सूत्रे थेट खोडाच्या कामाची आहेत. राख तर गिरणीच्या मागे पडलेली असते. ती न वापरण्याला कसलेही कारण मला दिसत नाही.

पाण्याबद्दल एकच सांगायचे आहे. पेरे लांबण्याच्या दिवसांत खाचरात फार खोल पाणी ठेवू नका. पाण्याखाली गेलेले पेर वर यायला धडपडते आणि लांबते. हा भाताचा मूळ स्वभाव आहे. बांगलादेशातल्या आणि आसामातल्या खोल पाण्याच्या जाती त्याच जोरावर पुरात दिवसाला २० सेंटिमीटरपर्यंत वाढतात. आपल्याला तो स्वभाव जागा करायचा नाही. रहू पेरणीच्या, म्हणजे मोड आलेले बी थेट चिखलात फोकलेल्या शेतात तर मुळे वरवरच असतात, तिथे खोड मोडत नाही, झाड मुळासकट कलंडते. अशा शेतातले पाणी कापणीआधी आठ-दहा दिवस काढायलाच हवे.

पुढच्या काळाबद्दल दोन-तीन नोंदी सांगतो. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती. २०२० मध्ये हवामान खात्याने ती बदलून ८ ऑक्टोबर केली. म्हणजे हळव्या भाताची कापणी आता सरासरीनेच पावसात सापडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. याच संस्थेच्या २०२१ मधल्या अभ्यासानुसार, अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात ५२ टक्क्यांनी वाढली. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस क्यार वादळ किनाऱ्यापासून दूर समुद्रातूनच गेले, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गात कापलेले आणि उभे भात भिजून कोंबारले, हे इथल्या कित्येकांनी पाहिले आहे. पडलेले भात ओल्या जमिनीला टेकले की चार-पाच दिवसांत दाण्याला कोंब येतात, आणि मग ते ना खायला उरते, ना बियाण्याला.

हवामान खाते आणि कृषी विद्यापीठे आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कृषी सल्ला देतात. त्यात पावसाचा अंदाज असतो, कीड-रोगाचे इशारे असतात. माझी जाहीर विनंती आहे की जुलै-ऑगस्टच्या सल्ल्यात गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष सूर्यप्रकाश किती तास मिळाला हेही ठळकपणे द्यावे आणि "या आठवड्यात युरिया देऊ नका, लांबवा" असे स्पष्ट सांगावे. ढगाळ आठवड्यात, पेरे लांबत असताना टाकलेला युरिया हा माझ्या मते कोकणातले भात लोळण्याचे सर्वांत टाळता येण्यासारखे कारण आहे. पीक पिवळट दिसले की हात युरियाच्या पोत्याकडे जातो, आणि हिरवेगार झाले की समाधान वाटते. ते समाधान ऑक्टोबरात महाग पडते. फुटव्यांच्या वेळचा हप्ता वेळेवर द्या. त्यानंतरचा हप्ता खालची पेरे लांबून झाल्यावर, लोंबी पोटरीत येताना द्या. मधल्या दिवसांत हात राखा.

आणि ज्यांचे भात आत्ता पडले आहे त्यांच्यासाठी: दाणा अजून दुधात किंवा चिकात असेल तर शेजारचे चार-पाच चूड एकत्र उचलून त्यांच्याच पानांनी सैल बांधा आणि उभे करा. खाचरातले पाणी आजच फोडा. पीक पक्व झाले असेल तर पुढच्या उघडिपीची वाट न पाहता पडलेला भाग आधी कापा, उभे भात नंतर कापता येईल. पडलेल्या भागाचे धान्य वेगळे झोडा, वेगळे वाळवा आणि त्यातली एक मूठही बियाण्यात मिसळू देऊ नका.

शेवटी एक काम सगळ्यांना सांगतो. यंदा कापणीच्या वेळी पडलेल्या आणि उभ्या खाचरातून दहा-दहा फुटवे घ्या, त्यांची चौथी पेरे मोजा. त्या शेतात युरिया कोणत्या तारखेला टाकला होता ते शेजारी लिहा आणि तो कागद गावच्या कृषी सहायकाकडे द्या. पंचनाम्यात वाऱ्याची नोंद होतेच. खोडाची नोंद मात्र आपल्यालाच करावी लागणार आहे, आणि ती यंदापासून सुरू करा.